मंदीतली गुंतवणूक: आधी काय, मग काय

२३ मार्च २०२० ला निफ्टी (देशातल्या ५० मोठ्या कंपन्यांच्या शेअर्सचा निर्देशांक) एका दिवसात १३ टक्के कोसळला आणि ७,६१० वर बंद झाला. त्या आठवड्यात ज्यांना पगार थांबल्यामुळे, घराच्या हप्त्यासाठी किंवा दवाखान्याच्या बिलासाठी फंडाची युनिट्स विकावी लागली, त्यांचा तोटा कायमचा झाला. तोच फंड ज्यांना विकावा लागला नाही, त्यांनी नोव्हेंबरपर्यंत निफ्टी जानेवारीतल्या उच्चांकाच्याही वर गेलेला पाहिला. फंड एक, बाजार एक. फरक होता तो घरात किती रोख पैसा होता याचा.

म्हणून मंदीत 'कोणता शेअर घेऊ' हा प्रश्न शेवटी येतो. पडलेल्या भावात विकायला कोणीही आपल्याला भाग पाडू शकणार नाही, अशी घडी आधी बसवायची आणि मग उरलेल्या पैशाने स्वस्तात खरेदी करायची. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. वरची पायरी पुरी झाल्याशिवाय खालच्या पायरीला हात लावू नका.

महिन्याचा खरा खर्च कागदावर काढा

अंदाजाने काढलेला खर्च नेहमी कमीच निघतो. मागच्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयचा इतिहास समोर घ्या. हॉटेल, कपडे, सहली बाजूला काढा आणि पगार थांबला तरी जे थांबणार नाही तेवढंच लिहा. वर्षातून एकदा जाणारे पैसे बाराने भागून धरा. ते विसरले की हिशेब हमखास कोलमडतो.

पिंपरी-चिंचवडमधल्या एका चौकोनी कुटुंबाचं उदाहरण घेऊ. हातात येणारा पगार ७८,००० रुपये. घराचा हप्ता २४,०००. किराणा, दूध, भाजी, गॅस १४,०००. वीज, मोबाइल आणि सोसायटीचा मेंटेनन्स ५,५००. मुलांची शाळा आणि रिक्षा ७,०००. गावी आई-वडिलांना औषधपाण्यासाठी ५,०००. आयुर्विमा, आरोग्यविमा आणि गाडीचा विमा मिळून वर्षाला ४२,०००, म्हणजे महिन्याला ३,५००. पेट्रोल ३,०००. बेरीज ६२,०००. या घराला सहा महिन्यांसाठी ३,७२,००० रुपये लागतात, वर्षभरासाठी ७,४४,०००.

किती महिन्यांची तजवीज हवी, हे नोकरी कुठली आहे त्यावर ठरतं. कायम सरकारी नोकरी असेल तर चार महिने पुरतात. चांगल्या खासगी कंपनीत सहा धरा. आयटी, वाहनांचे सुटे भाग, बांधकाम, पर्यटन, इन्सेंटिव्हवर चालणारं सेल्सचं काम किंवा कंत्राटी नोकरी असेल तर नऊ ते बारा महिने ठेवा. २०१९ मध्ये वाहनांची विक्री घटली, तेव्हा चाकण-भोसरीच्या पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांचं काम कमी झालं, आणि ते शेअर बाजार मोठा कोसळण्याच्या कितीतरी आधी. नवरा-बायको दोघेही एकाच क्षेत्रात असतील तर दोन पगार मोजू नका, एकच धरा. संकट आलं की ते दोन्ही पगारांवर एकदमच येतं. कंपनीचे शेअर्स किंवा ईसॉप (कंपनीने कर्मचाऱ्यांना दिलेला शेअर घेण्याचा हक्क) हातात असतील तर तेही या तजविजीत धरायचे नाहीत, कारण नोकरी जाते त्याच वेळी त्यांचाही भाव पडलेला असतो.

हा पैसा तीन ठिकाणी ठेवा. एक महिन्याचा खर्च बचत खात्यात. दोन-तीन महिन्यांचा स्वीप-इन एफडीत, म्हणजे खात्यातली शिल्लक कमी पडली की लागेल तेवढीच एफडी आपोआप मोडते. बाकीचा लिक्विड फंडात, म्हणजे अगदी कमी मुदतीच्या रोख्यांत पैसा ठेवणाऱ्या म्युच्युअल फंडात. लिक्विड फंडातून कामाच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पैसे काढायला सांगितलं, तर साधारणपणे पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात येतात. काही फंड ५०,००० रुपयांपर्यंत किंवा शिल्लक रकमेच्या ९० टक्के, यातली जी रक्कम कमी असेल ती लगेच देतात. ठेवल्यापासून पहिल्या सहा दिवसांत काढले तर किरकोळ एक्झिट लोड (पैसे काढण्याचं शुल्क) लागतो, नंतर लागत नाही.

इथे चूक होते ती एक-दीड टक्का जास्त मिळवण्याच्या नादात. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटन या फंड कंपनीने आपल्या सहा डेट योजना (कर्जरोख्यांत गुंतवणारे फंड) एकाएकी गुंडाळल्या. त्या योजनांनी कमी पत असलेल्या कंपन्यांच्या रोख्यांमध्ये पैसा ठेवला होता, आणि टाळेबंदीत त्या रोख्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. गुंतवणूकदारांना पैसे पुढे टप्प्याटप्प्याने मिळत गेले, पण ज्यांनी ते अडीअडचणीसाठी ठेवले होते त्यांना ऐन अडचणीत मिळाले नाहीत. फंडाच्या दरमहा प्रसिद्ध होणाऱ्या पोर्टफोलिओत सरकारी ट्रेझरी बिलं (सरकारची अल्प मुदतीची कर्जं), मोठ्या बँकांची सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (बँकांच्या अल्प मुदतीच्या ठेवी) आणि ए-वन प्लस, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाची कमर्शियल पेपर (कंपन्यांची अल्प मुदतीची कर्जं) एवढंच दिसलं पाहिजे. नावात 'क्रेडिट रिस्क' असेल तर तो फंड या कामाचा नाही. 'अल्ट्रा शॉर्ट' असेल तर यादी नीट बघूनच ठरवा.

कर्ज: कोणतं आधी फेडायचं

क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला तीन ते चार टक्के व्याज खाते, म्हणजे वर्षाला ३६ टक्क्यांच्या पुढे. कुठलीही गुंतवणूक खात्रीने एवढं देत नाही. ती थकबाकी असताना एसआयपी (फंडात दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक) चालू ठेवणं हा सरळ तोटा आहे. एसआयपी थांबवा, आधी कार्ड फेडा. त्यानंतर पर्सनल लोन.

गृहकर्जाचं तसं नाही. बोनस आला की बरेच जण तो सगळा गृहकर्जात भरतात, आणि नोकरी गेली की पुढच्याच महिन्याचा हप्ता भरायला पैसे नसतात. आधी जादा रक्कम भरली म्हणून बँक पुढचे हप्ते माफ करत नाही. त्यामुळे वर काढलेली तजवीज पूर्ण झाल्यावरच जादा रक्कम भरा. तेव्हा मात्र फायदा मोठा आहे. ३० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के व्याज, २० वर्षं मुदत: हप्ता सुमारे २६,०३५ रुपये. सुरुवातीलाच २ लाख जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर जवळपास ३६ हप्ते कमी होतात. तीच रक्कम पंधराव्या वर्षी भरली तर फायदा फार थोडा होतो. फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही.

आणखी एक काम करून टाका. मंदीत रिझर्व्ह बँक रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते) उतरवते. मे २०२० मध्ये तो ४ टक्क्यांवर आला होता. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून घेतलेलं फ्लोटिंग गृहकर्ज बाहेरच्या निर्देशकाशी, बहुधा रेपोशी, जोडलेलं असतं आणि तीन महिन्यांत किमान एकदा त्याचा दर बदलावा लागतो. कर्ज जुन्या एमसीएलआर किंवा बेस रेटवर (बँकेने स्वतः ठरवलेल्या दरांवर) अडकलेलं असेल, तर दरकपात तुमच्यापर्यंत उशिरा आणि अर्धवट पोचते. शाखेत अर्ज देऊन, थोडं रूपांतर शुल्क भरून ते रेपोवर आणता येतं. एक लेखी अर्ज आणि बँकेतली एक फेरी, बस्स.

शेअर्स तारण ठेवून घेतलेलं कर्ज आणि ब्रोकरची मार्जिन सोय (उधारीवर शेअर्स घेणं) मंदीत पूर्ण बंद करा. १० लाखांच्या शेअर्सवर ५ लाख घेतले, म्हणजे कर्ज किमतीच्या निम्मं. बाजार ३० टक्के पडला की शेअर्स ७ लाखांचे होतात आणि त्यांच्यावर साडेतीनच लाख चालतात. उरलेले दीड लाख दोन-चार दिवसांत आणा, नाहीतर सावकार शेअर्स विकून मोकळा. तो विकणार तळाच्या भावात, तुम्हाला न विचारता. फ्युचर्स-ऑप्शन्सबद्दल, म्हणजे पुढच्या भावावरच्या सौद्यांबद्दल, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. गेलेली नोकरी ऑप्शन्समधून भरून काढायचा विचार मनात आला, तर हा आकडा समोर ठेवा.

आरोग्यविमा स्वतःच्या नावाचा

कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर संपतो. घरातलं दुखणं मात्र मंदी बघून येत नाही, आणि एका ऑपरेशनच्या बिलात सगळी गंगाजळी संपू शकते. नोकरी चालू असतानाच वेगळी पॉलिसी घ्या, कारण अपघात सोडून पहिले ३० दिवस दावा चालत नाही आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नोकरी सोडताना ग्रुप पॉलिसी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागता येते, पण अर्ज मुदतीत आणि लेखी द्यावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही.

ठेवी: दर नंतर बघा, विमा आधी

मंदीत कर्जदारांचे हप्ते थकतात आणि कमकुवत बँका, पतसंस्था उघड्या पडतात. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला, तोही कित्येक वर्षांच्या निर्बंधांनंतर. या दोन्ही बँकांत ठेवी होत्या त्या आपल्याच घरांच्या.

डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचा ठेव विमा फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचा आहे, आधी तो १ लाखाचा होता. तो नेमका कसा मोजतात ते नीट समजून घ्या. ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतं. एकाच बँकेच्या सगळ्या शाखांमधली तुमची बचत, चालू, आवर्ती आणि मुदत ठेव एकत्र धरतात; कोथरूडच्या शाखेत ५ आणि नाशिकच्या शाखेत ५ असं चालत नाही. संयुक्त खात्यात नावांचा क्रम महत्त्वाचा. फक्त तुमच्या नावाची ठेव, तुमचं नाव पहिलं आणि पत्नीचं दुसरं असलेली ठेव, आणि पत्नीचं नाव पहिलं असलेली ठेव, या तिन्हींना वेगवेगळा विमा मिळतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आहे.

आता हिशेब. सहकारी किंवा स्मॉल फायनान्स बँकेत ८ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी, व्याज मुदतीअखेर मिळणारी ठेव करायची आहे. ५ लाख ठेवले तर व्याजाचा पैसा न् पैसा विम्याबाहेर जातो. ४,२५,००० ठेवा, दोन वर्षांनी ते सुमारे ४,९८,००० होतात आणि सगळे विम्यात बसतात. त्याच बँकेत बचत खातं असेल तर तिथली शिल्लकही यातून वजा करून रक्कम ठरवा.

पतसंस्थांना हा विमा नाही. नावात पतसंस्था, क्रेडिट सोसायटी, मल्टिस्टेट सोसायटी किंवा निधी असे शब्द असतील, तर ५ लाखांचं संरक्षण नाही, मग काउंटर कितीही चकाचक असो आणि चेअरमन गावातला कितीही मोठा माणूस असो. पावती हातात घ्या आणि वर छापलेलं पूर्ण नाव वाचा; बोलताना सगळेच तिला 'बँक' म्हणतात, पावतीवर खरं नाव असतं. बँकेपेक्षा दोन-अडीच टक्के जास्त व्याज मिळत असेल, तर त्या जोखमीची तेवढीच किंमत तुम्हाला मिळते आहे. घरचा कारभार ज्यावर चालतो तो पैसा तिथे ठेवू नका.

कंपनीच्या ठेवी आणि बाँड यांचंही तेच. आयएल अँड एफएस या समूहाच्या कर्जाला ऑगस्ट २०१८ पर्यंत ट्रिपल ए (सर्वोच्च पत) दर्जा होता; काही आठवड्यांत तो 'डी' (कर्ज थकलेलं) झाला. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीच्या मुदत ठेवीदारांना पूर्ण पैसे मिळाले नाहीत. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटींचे एटी-वन बाँड (बँक अडचणीत आली की बुडीत धरता येतात असे रोखे) शून्य केले गेले आणि प्रकरण न्यायालयात गेलं, पण त्याच बँकेतले ठेवीदार सुखरूप राहिले. बँकेतल्या माणसाने 'एफडीसारखंच आहे, व्याज जास्त' म्हणून एखादा कागद पुढे केला, तर एकच प्रश्न विचारा: याला डीआयसीजीसीचा विमा आहे का? उत्तर लेखी मागा.

एफडी एका रकमेची करू नका. ६ लाख असतील तर २-२ लाखांच्या तीन: एक, दोन आणि तीन वर्षांच्या. गरज पडली तर एकच मोडते आणि दंड, जो बहुधा अर्धा ते एक टक्का असतो, तेवढ्यावरच लागतो. मोडण्यापेक्षा एफडीवर ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून कर्ज) घेणं कधी कधी स्वस्त पडतं: ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज आणि ते वापरलेल्या दिवसांपुरतंच. चार-सहा आठवड्यांची अडचण असेल तर ओव्हरड्राफ्ट घ्या, सहा महिन्यांची असेल तर एफडी मोडा. मंदीच्या सुरुवातीला, दरकपात सुरू व्हायच्या बेताला असताना, तीन ते पाच वर्षांची ठेव करून ठेवणं फायद्याचं. कपात होऊन गेल्यावर तो दर मिळत नाही. करबचतीची पाच वर्षांची एफडी मात्र मोडता येत नाही, ती या हिशेबात धरू नका.

सरकारी हमीच हवी असेल तर ट्रेझरी बिलं आहेत, ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवर खातं उघडून किमान १०,००० रुपयांपासून घेता येतात.

आता शेअर्स

इथे फक्त तो पैसा आणा जो किमान पाच ते सात वर्षं लागणार नाही. मुलीचं इंजिनिअरिंग दोन वर्षांवर असेल तर त्या फीचे पैसे इथे येत नाहीत, बाजार कितीही स्वस्त वाटो. २००८ मध्ये सेन्सेक्स सुमारे २१,००० वरून मार्च २००९ मध्ये ८,२०० च्या आसपास आला. पुन्हा २१,००० दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडला, आणि तो टप्पा कायमचा ओलांडायला आणखी तीन वर्षं गेली. जपानचा निक्केई डिसेंबर १९८९ चा उच्चांक ओलांडू शकला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. 'बाजार वर येतोच' हे खरं धरलं, तरी तो तुमच्या तारखेला येईल असं नाही.

तळ कधी लागेल हे शोधत बसू नका. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं उत्पन्न २३.९ टक्क्यांनी घटल्याचा आकडा ३१ ऑगस्टला जाहीर झाला. त्या दिवशी निफ्टी ११,४०० च्या आसपास होता, मार्चच्या तळापासून जवळजवळ निम्म्याने वर. बातम्या सुधारल्या की घेऊ, असं म्हणणारा माणूस दर वेळी असाच मागे राहतो, कारण बाजार बातमीच्या आधी हलतो.

त्यापेक्षा टप्पे आधीच ठरवून लिहून ठेवा. समजा शेअर्ससाठी ३ लाख बाजूला आहेत, लिक्विड फंडात. त्यातले ९०,००० तारखेवर लावा: दरमहा १५,०००, सहा महिने, बाजार कुठेही असो. उरलेले २,१०,००० घसरणीवर लावा: निफ्टी शेवटच्या बंद उच्चांकापासून १० टक्के खाली आला की ४५,०००, २० टक्क्यांवर ७५,०००, ३० टक्क्यांवर ९०,०००. घसरण खोल होईल तशी रक्कम वाढते.

हे २०२४-२५ वर लावून बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये निफ्टी २६,२१६ वर बंद झाला होता. १० टक्के खाली म्हणजे साधारण २३,६००, तो टप्पा आला. २० टक्के म्हणजे २०,९७० च्या आसपास, तो आला नाही. मार्च २०२५ च्या सुरुवातीला निफ्टी २२,०८० च्या आसपास बंद झाला आणि जूनअखेर २५,००० च्या वर गेला. सगळा पैसा २० टक्क्यांसाठी राखून बसलेल्याच्या हाती काहीच लागलं नाही. म्हणूनच तारखेचा हिस्सा ठेवायचा, आणि घसरणीचे टप्पे वर्षभरात आले नाहीत तर ती रक्कमही पुढच्या सहा-आठ महिन्यांत समान हप्त्यांनी लावून टाकायची.

पैसा कशात लावायचा? बहुतेकांनी निफ्टी ५० किंवा निफ्टी ५०० चा इंडेक्स फंड (निर्देशांकातलेच शेअर्स घेणारा फंड), डायरेक्ट प्लॅन (एजंटाशिवाय थेट घेतलेला). मंदीत काही कंपन्या संपतात. निर्देशांक ठरलेल्या काळाने अशा कंपन्या बाहेर काढतो आणि टिकलेल्यांना आत घेतो. एकट्या शेअरला ही सोय नाही. डीएचएफएलचा शेअर २१ सप्टेंबर २०१८ ला एका दिवसात ४० टक्क्यांहून जास्त पडला. सहाशेचा शेअर साडेतीनशेला मिळतोय म्हणून लोकांनी घेतला, दोनशेला आणखी घेतला, पन्नासला सरासरी काढली. २०२१ मध्ये कंपनी पिरामलकडे गेली तेव्हा जुन्या भागधारकांच्या हातात शून्य आलं. पडणाऱ्या शेअरमध्ये सरासरी काढायचीच असेल, तर आधी ताळेबंदात कर्ज बघा, व्याज भागवून नफा उरतो का ते बघा आणि प्रवर्तकांनी (कंपनीच्या मूळ मालकांनी) आपले शेअर्स किती टक्के तारण ठेवलेत ते बघा. शेवटचा आकडा एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर शेअरहोल्डिंगच्या तक्त्यात दर तिमाहीला येतो. तो वाढत चालला असेल तर त्या शेअरपासून लांब राहा.

कार्डाची थकबाकी नसेल तर चालू एसआयपी बंद करायची नाही. २०२५ च्या सुरुवातीला बाजार घसरत असताना नव्या सुरू झालेल्या एसआयपींपेक्षा बंद पडलेल्या एसआयपी जास्त होत्या. त्यातला काही भाग जुन्या खात्यांच्या साफसफाईचा होता, पण घाबरून बंद केलेल्याही होत्याच. त्याच रकमेत जास्त युनिट्स मिळण्याचा काळ तो हाच. पगाराची खात्रीच राहिली नसेल तर बंद न करता 'पॉज' करा. खात्यात पैसे नसताना मँडेट (हप्ता कापायला बँकेला दिलेली परवानगी) तसंच राहू दिलं, तर दर महिन्याला बँक परतीचा दंड लावते आणि लागोपाठ तीन हप्ते चुकले की मासिक एसआयपी आपोआप रद्द होते.

सोनं आणि फ्लॅट

सोनं एकूण बचतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असू द्या. भाव चढलेला असताना घाईने भरू नका: २०१२ च्या अखेरीला दहा ग्रॅमला ३१,००० च्या आसपास असलेलं सोनं २०१८ मध्येही तिथेच घुटमळत होतं. दागिन्यात घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी जातो, विकताना घट धरतात. गुंतवणूक म्हणून घ्यायचं तर गोल्ड ईटीएफ (शेअरसारखा बाजारात मिळणारा सोन्याचा फंड) घ्या. सरकारी सुवर्ण रोख्यांची नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेली नाही. जुने रोखे बाजारात मिळतात, पण सोन्याच्या चालू भावापेक्षा चढ्या किमतीला मिळत असतील तर घेऊ नका.

राहायला घर हवं असेल तर मंदी घासाघीस करायला चांगली. २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने काही महिने मुद्रांक शुल्क कमी केलं, तेव्हा नोंदणी कार्यालयांत रांगा लागल्या होत्या. गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट मात्र मंदीत नको: अडचणीत तो महिनोन्‌महिने विकला जात नाही आणि हप्ता तर दर महिन्याला हजर. बांधकाम चालू असलेला घेणारच असाल, तर राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे गेली आहे ते आधी बघा.

निवृत्त माणसांसाठी क्रम वेगळा

पेन्शन नसेल तर पुढच्या तीन वर्षांचा खर्च शेअर बाजाराबाहेर हवा. पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना पहिली: कमाल ३० लाख, पाच वर्षं, व्याज दर तिमाहीला. ८.२ टक्के दराने ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. सरकार दर तिमाहीला दराचा आढावा घेतं, पण तुम्ही पैसे भरले त्या दिवशीचा दर पूर्ण पाच वर्षं टिकतो. त्यामुळे दर उतरायच्या आधी भरलेलं बरं. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत एकट्याला ९ लाख आणि संयुक्त खात्यात १५ लाख ठेवता येतात.

म्युच्युअल फंडातून दरमहा ठरावीक रक्कम काढत असाल, तर बाजार १५-२० टक्के पडला की ते काढणं थांबवा आणि खर्च या तीन वर्षांच्या पैशातून करा. पडत्या बाजारात त्याच रकमेसाठी जास्त युनिट्स विकावी लागतात, आणि बाजार सावरला तरी ती युनिट्स परत येत नाहीत.

तोट्याचा करासाठी उपयोग

एक वर्षाच्या आत विकलेल्या शेअर्सच्या किंवा इक्विटी फंडाच्या नफ्यावर २० टक्के कर आहे. त्यापुढच्या नफ्यावर, वर्षाला १.२५ लाख वगळून, १२.५ टक्के. समजा पाच महिन्यांपूर्वी २ लाखांना घेतलेल्या फंडाची किंमत आज १.५ लाख आहे, आणि याच आर्थिक वर्षात दुसरीकडे ५०,००० चा अल्पकालीन नफा झालेला आहे. पडलेला फंड विकला की तोटा त्या नफ्यातून वजा होतो आणि १०,००० रुपये कर वाचतो, सेस वेगळा. तेच पैसे तशाच दुसऱ्या इंडेक्स फंडात लगेच लावा, म्हणजे बाजारातून बाहेर राहावं लागत नाही. आधी एक्झिट लोड तपासा. एक टक्का असेल तर इथे दीड हजार रुपये त्यात जातील. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेलं असावं लागतं. एक दिवस उशीर झाला तरी हा हक्क जातो.

मंदीत वाढणारी फसवणूक

नोकरी गेलेल्या माणसाला व्हॉट्सअॅपच्या किंवा टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये ओढतात, खोट्या अॅपवर नफा फुगलेला दाखवतात आणि पैसे काढायला गेलं की आधी 'कर' भरायला सांगतात. सल्लागार सेबीकडे नोंदलेला आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर नावाने आणि नोंदणी क्रमांकाने तपासा. नोंदणीकृत सल्लागार परताव्याची हमी देऊ शकत नाही. हमीचा शब्द निघाला की बोलणं तिथेच थांबवा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवले गेले तरच हाती लागण्याची शक्यता असते, म्हणून आधी फोन आणि मग नातेवाइकांशी चर्चा.

बाजार सावरू लागला की

पगार पुन्हा सुरू झाल्यावर वाढीव एसआयपीच्या आधी संपलेली गंगाजळी भरा: पिंपरीच्या उदाहरणात ३,७२,००० पर्यंत, मग बाजार कितीही पळत असो. ज्या खर्चाला आता तीन वर्षांपेक्षा कमी उरलीत, त्याचा पैसा इक्विटी फंडातून काढून एफडीत आणायला सुरुवात करा, दर तिमाहीला थोडा थोडा, म्हणजे दर आर्थिक वर्षाची १.२५ लाखांची करमुक्त मर्यादाही वापरली जाते. पुढच्या घसरणीचे १०, २० आणि ३० टक्क्यांचे टप्पे नव्या उच्चांकावरून पुन्हा मोजा आणि जुना कागद फाडून नवा लिहा. घरातल्या दुसऱ्या माणसाला तो कागद आणि नॉमिनीची नावं कुठे ठेवली आहेत, ते सांगून ठेवा.